पूजेला बसलेला शिक्का

भिमाजीआबा आमचे सरपंच. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभं राहून त्यांनी मूठ उगारून सांगितलं होतं, "सरकारला जात न्हाई, सरकारला धर्म न्हाई!" सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या मी वाजवल्या. शिरूरच्या मिशन बोर्डिंगात शिकलेली मुलगी मी, असली वाक्यं मला फार आवडायची.

त्याच वर्षी, एकसष्ट साली, दौंडच्या एका सरकारी कचेरीत कारकुनाची जागा निघाली. रहिवासी दाखला लागतो हे मला अर्जाच्या शेवटच्या दिवशी सकाळी कळलं. ही नोकरी हुकली तर नाताळानंतर राहुरीच्या एका मुलाशी माझं लग्न, असं वडिलांनी ठरवून टाकलेलं. तो घोरतो, एवढंच मला त्याच्याविषयी माहीत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

धावत पंचायतीत गेले, तर आबा पाटासमोर मांडी घालून बसलेले. नेमकी खंडेनवमी! जो तो आपापली हत्यारं पूजतो आणि दसऱ्यापर्यंत वापरत नाही. सुताराची करवत तशी पंचायतीची हत्यारं म्हणजे शिक्का आणि पेन. शिक्का पाटावर उताणा पडला होता. कुंकू तोंडाला लावायचं तर तोंड वर नको का?

"आबा, दाखला द्या. दौंडला जायचंय."

"आज न्हाई, पोरी. पूजा मांडली. आता शिक्का हलवायचा न्हाई."

"अहो, तुम्हीच म्हणाला होता ना, सरकारला धर्म नाही?"

"सरकारला न्हाई," आबा शांतपणे म्हणाले. "शिक्क्याला हाय."

मला इतका संताप आला की रडूच फुटलं. आबा कासावीस झाले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"आगं, रडू नगस. शिक्का हलवायचा न्हाई, एवढंच ना? मंग कागूद हलवू."

मी भराभर दाखल्याचा मजकूर लिहिला. आबांनी कागद पालथा शिक्क्यावर ठेवला, डोळे मिटले आणि तळव्यानं दाबला. दाखल्यावर पंचायतीचं नाव लालभडक उमटलं. सोबत झेंडूची पाकळीही चिकटून आली.

"आन् सही? तुझं पेन पूजलंय का?"

"आमच्यात पेन पूजत नाहीत, आबा."

"मंग बरं हाय. आण हिकडं."

दौंडच्या कचेरीत पाऊल टाकलं, तर तिथंही खंडेनवमी! टाइपरायटरच्या गळ्यात हार, टाक-पेनं ओळीनं हळदीकुंकवात. समोर अर्जदारांची रांग ताटकळलेली आणि वहीत नोंद करायला एकही पेन मोकळं नाही. हेडक्लार्क संपत भाऊसाहेबांनी माझा दाखला पाहिला. आता हाकलणार, असं वाटलं. त्यांनी तो कपाळाला लावला. मग अर्जावरचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"रूथ बन्यामीन! म्हंजी तुमचं पेन चालू असंल?"

संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या नोंदी मी केल्या. माझी स्वतःचीसुद्धा.

जागा मलाच मिळाली. "कचेरीत खंडेनवमीला चालणारं एक पेन पाहिजे," असं कचेरीच्या मोठ्या साहेबांनी म्हणे ठासून सांगितलं. मी रुजू होताना बजावलं, "पण नाताळच्या आदल्या दिवशी माझं पेन बंद." भाऊसाहेब म्हणाले, "त्यात काय? तवा आमची चालत्यात." सरकारचा धर्माशी संबंध नको म्हणजे काय, ते मला त्या दिवशी नीट समजलं, आणि मी खूश झाले.

पुढच्या खंडेनवमीला ऐटीत कचेरीत शिरले. टेबलावरच्या माझ्या पेनाला कुंकू लावलेलं, वर झेंडूचं टपोरं फूल. दारात माणसं तिष्ठत उभी.

"भाऊसाहेब, हे काय केलंत?"

"एकट्या तुमचंच बिनपूजेचं ऱ्हायलं होतं," ते ओशाळून म्हणाले. "बरं दिसंना, बाई."

रागवावं तर त्यांचा चेहरा इतका मायेचा. मी खुर्चीत बसले आणि पिशवीतून दुसरं पेन काढलं. एव्हाना मी माझी माणसं ओळखून होते.