सहाच्या रेघेवर अडलेली बिअर

"सहा! पुन्हा सहा!" संजीव ओरडला आणि त्र्यंबककाकांच्या बेसमेंटमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

शनिवारची दुपार. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमधली अठरा मराठी माणसं वॉशिंग मशीन आणि ड्रायरच्या मधून रांग लावून उभी होती. त्यांतले पाच पीएचडी, बरं का! प्रत्येक जण वीतभर लांबीच्या एका नळीला डोळा लावायचा, "अहाहा" म्हणायचा आणि नळी पुढच्याच्या हातात द्यायचा. ती नळी म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर. टोकाच्या काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचं. निळा आणि पांढरा रंग जिथे भेटतात, तो आकडा म्हणजे थेंबातली साखर, टक्क्यांत. त्र्यंबककाकांनी ती घरी बिअर करायला म्हणून आणली होती.

रांगेच्या टोकाला, बागेतल्या घडीच्या खुर्चीवर, शाल पांघरून गुरुदत्त महाराज बसले होते. दोन वर्षांपूर्वी हे गृहस्थ दारोदार व्हॅक्यूम क्लीनर विकायचे. मग एकाएकी साक्षात्कार झाला, आणि गेले तीन महिने काकांच्या गेस्टरूममध्ये राहून ते रोज श्रीखंड हाणत होते.

"आधी साखर किती होती?" महाराजांनी विचारलं.

"बारा टक्के!" संजीव म्हणाला. तो टेलिफोन कंपनीत इंजिनीअर होता.

"यीस्ट साखर खातं आणि दारू करतं. साधी बिअर कितीवर येते?"

"पुस्तकात तीन लिहिलंय, महाराज."

"आणि माझी सहावर थांबते! का? तर मी यीस्टला माळ घातली आहे. त्याने दारू सोडली!"

"मग कमी झालेली सहा टक्के साखर गेली कुठे?" मागून प्रतिमाने विचारलं.

"बुडबुड्यांत, बाई. बुडबुडा म्हणजे प्राण. हे पेय नव्हे, तीर्थ आहे."

प्रतिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा नवरा, पुरुषोत्तम, तीर्थाचा तिसरा ग्लास संपवत होता. आज त्यांच्या दीपाचा दहावा वाढदिवस. तीन वाजता सहा मुलींना स्टेशन वॅगनमध्ये घालून, रूट वन हायवेवरून, स्केटिंगला न्यायचं होतं. प्रतिमा स्टुलावरून पडली होती आणि तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. म्हणजे गाडी चालवणार हाच.

"अहो, पुरे झालं ते."

"अगं, यात दारूच नाहीये! आकडा बघ ना. डेटा आहे!" पुरुषोत्तम डोळे मिचकावत म्हणाला. एरवी आमटीत मीठ जास्त आहे हे पटवायलासुद्धा त्याला पुरावा लागायचा. इथे मात्र आकडा दिसला आणि पीएचडी गारद!

प्रतिमा जॅमच्या कारखान्यात लॅबमध्ये होती. दिवसभर तिच्या हातात हीच नळी. तिला वाटलं, काच चिकट असणार नाहीतर थेंब गरम. उत्तराकाकूंकडून, म्हणजे त्र्यंबककाकांच्या बायकोकडून, तिने इस्त्रीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मागवलं. काच पुसली, पाण्याचा थेंब टाकला, डाव्या हाताने स्क्रू फिरवून रेघ बरोबर शून्यावर आणली. मग बिअरचा थेंब टाकून तो काचेइतका गार होईपर्यंत थांबली.

आकडा आला सहा.

"महाराज की जय!" हशा उसळला.

"यंत्रालासुद्धा भक्ती कळते, बाई," महाराज म्हणाले. बाहेर मुली गाडीत बसून हॉर्न वाजवत होत्या. पुरुषोत्तमने ग्लास ठेवला, खिशातून चावी काढली आणि जिन्याकडे निघाला. प्रतिमाला रडूच यायला लागलं.

आणि तेवढ्यात तिला रम घातलेल्या जॅमची ती बॅच आठवली. कारखान्यात आकडा भलताच आला होता, आणि साहेबाने तिची बिनपाण्याने हजामत केली होती.

"थांबा!" ती ओरडली. "काकू, व्होडका आहे?"

काकूंनी बाटली आणली. प्रतिमाने काच पुसली, व्होडकाचा थेंब टाकला आणि नळी नवऱ्याच्या हातात कोंबली. "वाचा."

"पंधरा," तो म्हणाला.

"व्होडकात साखर किती असते?"

"...काहीच नसते."

"मग हे पंधरा टक्क्यांचं सरबत का? पाजू दीपाच्या मैत्रिणींना?"

पुरुषोत्तमने नळी पुन्हा डोळ्याला लावली.

"ही नळी साखर ओळखत नाही हो! उजेड किती वाकतो, तेवढं मोजते. साखर उजेड वाकवते, दारूही वाकवते. बिअर आंबायच्या आधी हिचा आकडा खरा. आंबल्यावर साखर उतरते, पण झालेली दारूच आकडा वर ढकलते. तेव्हा सरळ वाचायचा नाही. काका, बिअरमध्ये तरंगवून तिचा जडपणा मोजायची ती काचेची नळी कुठंय? पुस्तकातला आकडा तिचा असतो."

"महाराजांनी माळ्यावर टाकायला लावली," त्र्यंबककाका पुटपुटले. "विटाळ होतो म्हणाले."

ती काढली, उंच ग्लासात बिअर ओतून तरंगवली. रेघ तीनवर! अगदी पुस्तकातल्यासारखी.

"बारावरून तीन. म्हणजे जवळजवळ पाच टक्के दारू," प्रतिमा म्हणाली.

"यीस्ट नास्तिक निघालं असेल," महाराज म्हणाले.

"असू दे ना. तीर्थच आहे, तर मुलींना तुम्ही घेऊन जा. वाटेत पोलिसाने फुंकर मारायला सांगितलं, तर मारायची."

महाराजांनी शाल गळ्यापर्यंत ओढली. "मी कसा नेणार? माझे पाच ग्लास झालेत!"

मग मात्र संजीवसुद्धा कपाळावर हात मारून खाली बसला. पुरुषोत्तमने मुकाट्याने चावी उत्तराकाकूंच्या हातावर ठेवली. काकूंनी थेंबसुद्धा घेतला नव्हता. त्यांना त्या वासानेच मळमळायचं.

काय झालं ते कळल्यावर दीपा गाडीच्या खिडकीतून बापाकडे बघत म्हणाली, "बट डॅड, यू हॅव अ पीएचडी!"

"म्हणून तर विचारायची लाज वाटली गं," पुरुषोत्तम म्हणाला.

तर मंडळी, लाज वाटू दे, पण विचारा. चमत्काराचा आकडा दाखवणाऱ्याला विचारा, बाबा रे, हा आकडा नेमका कशाचा? आणखी कशाने येऊ शकतो? शाल पांघरलेल्याला विचारा, स्वतःच्या डोक्यालाही विचारा. आपण आत जयजयकार करत असतो, तेव्हा बाहेर गाडीत मुलं बसलेली असतात.