सखूबाईंच्या मांडीवरचं सूप

मित्रांनो, हिर्डोशीतल्या एका घरात चुलीजवळच्या खुंटीला टांगलेलं जुनं सूप म्हणजे मी. माझे काठ झिजले आहेत, एका कोपऱ्याला कापडाची पट्टी शिवली आहे. तरी मी अजून कामावर आहे.

भोरच्या बाजारात एका बुरूड आजीने ओल्या बांबूच्या पातळ कांबी काढून मला विणलं. सखूबाईंनी मला घरी आणलं, मेथी आणि कागदाच्या लगद्याने लिंपलं आणि उन्हात वाळवलं. माझी बारीक भोकं बुजली. मी धान्य पेलू लागलं.

सखूबाई पाखडायला बसल्या की कोंडा उडून जायचा आणि तांदूळ सर्रकन माझ्यात परत पडायचे. मग मला मांडीवर घेऊन त्या खडे निवडायच्या. गावात लग्न निघालं की तांदूळ निवडायला पहिलं बोलावणं त्यांना यायचं. त्यांनी निवडलेल्या तांदळाच्या भातात खडा लागला, असं कुणी म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं.

साखरेचा आजार त्यांना बरीच वर्षं होता. शेताच्या गडबडीत गोळ्या राहून जायच्या. दुखत काहीच नव्हतं, त्यामुळे घरात कुणाला काळजीही वाटत नव्हती.

मग एका वर्षी भातात खडे येऊ लागले. सखूबाईंचे पती चिमाजी आधी खडा ताटाच्या कडेला ठेवून जेवण संपवायचे. रोजचंच झालं तेव्हा ते एवढंच म्हणाले, की गिरणीत काहीतरी गडबड दिसते. सखूबाईंना ते लगेच पटलं. त्या गिरणीवाल्या इंद्रजितला चार माणसांसमोर बोलून आल्या, की तू भात भरडताना जमिनीवरचं झाडून त्यात घालतोस. पुढची पोती त्यांनी टेम्पोत घालून पार उत्रोलीच्या गिरणीत नेली. खडे त्या तांदळातही निघाले. मग बोल माझ्यावर आला. सूप झिजलंय, नवं आणायला हवं.

मला वाईट वाटलं, कारण खरं काय ते मी पाहत होतं. पांढरे गारेचे खडे माझ्यात उघडे पडलेले असायचे आणि सखूबाईंची बोटं त्यांच्या शेजारून निघून जायची.

त्यांची मुलगी सुलक्षणा बी.एस्सी. झाली आहे आणि नसरापूरजवळ एका प्रयोगशाळेत नोकरी करते. जूनमध्ये ती सुट्टीवर आली आणि पहिल्याच घासाला तिच्या दाताखाली खडा आला. तिने कुणालाही दोष दिला नाही. खडे कधीपासून येतात, दोन्ही गिरण्यांच्या तांदळात येतात का, हे तिने विचारलं. दोन दिवस ताटाच्या कडेचे खडे तिने धुऊन वाटीत ठेवले. सगळे पांढरे निघाले, काळा एकही नव्हता. तिला ते खटकलं.

सकाळच्या उजेडात ती आईसमोर मला घेऊन ओसरीवर बसली. स्वच्छ तांदळात तिने थोडे काळे आणि थोडे पांढरे खडे मिसळले आणि आईला निवडायला सांगितलं.

"माजी परीक्षा घेतीस व्हय? तू रांगत हुतीस तवापासून निवडतीय म्या," सखूबाई हसून म्हणाल्या.

त्यांनी काळे खडे भराभर वेचले आणि हात झटकले. सुलक्षणाने आईचं बोट एका पांढऱ्या खड्यावर ठेवलं. मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. सखूबाईंनी मला डोळ्यांजवळ नेलं, उजेडाकडे वळवलं. एकेक खडा बोटाने चाचपला.

"मंजी इंद्रजितचा दोष न्हवता," शेवटी त्या म्हणाल्या.

साखरेने डोळ्याचा पडदा बिघडतो आणि आधी कळतही नाही, हे सुलक्षणाने त्यांना समजावलं. आजच भोरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ म्हणाली. सखूबाईंनी मात्र आधी गिरणी गाठली आणि माणसांसमोर सांगितलं, की तांदूळ चांगलेच होते, नजर माझी अधू झालीय. इंद्रजित म्हणाला, "काकी, च्या घ्या. तुमच्या भ्यानं म्या चाळणी नवी बसवली." हे सांगताना त्या चुलीपाशी हसत होत्या, तेव्हा मला कळलं.

दवाखान्यातलं बोलणं मात्र हसण्यासारखं नव्हतं. गेलेली नजर बहुतेक परत येणार नव्हती. उरलेली वाचवायला साखर ताब्यात ठेवायची आणि पुण्याला जाऊन लेझरचे उपचार वेळच्या वेळी घ्यायचे होते. पहिलीच तारीख इरजिकच्या दिवशी आली. इरजिक म्हणजे आज साऱ्यांनी आपल्या खाचरात भात लावायचं, उद्या आपण त्यांच्या.

सखूबाई अडून बसल्या. "लोकं माज्या चिखलात वाकणार आन् म्या एस्टीत बसू? कुणाला तोंड दावायचं न्हाई मला."

"तुझ्या जागी मी वाकते. आपल्या खाचरात आणि त्यांच्याही."

"तुला एक ओळ सरळ लावता येत न्हाई."

"वाकडी लावली तरी रोप जगेल, आई. गेलेला डोळा परत येणार नाही."

इरजिकच्या पहाटे चिमाजींचा हात धरून सखूबाई एस्टीला गेल्या. सुलक्षणा आठवडाभर सगळ्यांच्या खाचरांत राबली. बायकांनी तिची यथेच्छ थट्टा केली. तिची कंबर धरली, पण एकही दिवस तिने चुकवला नाही.

त्यानंतरची एकही तारीख सखूबाईंनी चुकवली नाही. गोळ्या आता जेवणाच्या ताटाजवळ असतात. पाखडणं त्यांच्याकडेच आहे, कारण ते हाताला आणि कानाला कळतं. निवडायला चिमाजी बसतात, जरा कुरकुरतात.

मित्रांनो, मी झिजलं तर मला लिंपता येतं, पट्टी शिवता येते. डोळ्याच्या पडद्याला तसं लिंपण नाही. तुमच्या घरात कुणाला साखर असेल, तर त्यांना नीट दिसत असतानाच डोळे तपासायला न्या. दर वर्षी न्या. ते नको म्हणतील, कामं सांगतील. ती कामं तुम्ही अंगावर घ्या.

श्रावणात सुलक्षणा सुट्टीला घरी आली असताना एका दुपारी सखूबाई मला मांडीवर घेऊन ओसरीवर बसल्या होत्या. समोर खाचर हिरवंगार झालं होतं. पाखडता पाखडता त्यांचा हात थांबला. डावा डोळा बारीक करून त्यांनी बांधापलीकडे निरखून पाहिलं आणि घरात हाक मारली, "सुलक्षणे, बांधाकडची तिसरी ओळ लई वाकडी गेलीय गं."

सुलक्षणा धावत बाहेर आली. ओळ खरोखरच वाकडी होती.