स्वागताची तालीम

सीमेजवळच्या सरकारी विश्रामगृहात दोन खोल्या लागून होत्या. एकीत ती आणि तिची साडेतीन वर्षांची चिमी. भिंतीपलीकडे तिचा नवरा. ट्रक ड्रायव्हर. रस्ता चुकून शेजारच्या देशात शिरला आणि हेर म्हणून चार वर्षं तुरुंगात सडला. काल त्याला सोडलं होतं. पण भेट नाही.

"मोठे साहेब स्वतःच्या हातानं त्याला तुमच्या हवाली करणार, ताई," अधिकारी म्हणाला. "सगळा देश बघणार. आधीच भेटलात तर चेहऱ्यावर ते दिसणार नाही."

"काय ते?"

"ते... भरून येणं."

साहेबांची निवडणूक आली होती. कारखाने बंद, पोरं बेकार. पण वाघाच्या जबड्यातून माणूस ओढून आणला म्हटल्यावर पिठाचा भाव विचारतो कोण?

ती भिंतीला टेकली, तर पलीकडून खोकला आला. दोनदा कोरडा, मग एक लांब. तोच! तिने चिमीचा कान भिंतीला लावला. "हे तुझे बाबा." तो गेला तेव्हा चिमी पोटात होती. चिमीने भिंतीवर थाप मारली. पलीकडून थाप आली.

"अजून!" चिमी खिदळली.

तेवढ्यात तालमीचं बोलावणं आलं. बाबांच्या जागी कचेरीच्या गाडीचा ड्रायव्हर उभा केला होता. भला माणूस. "चिमूताई, बाबा म्हणत पळत यायचं, हां!" प्रत्येक खेपेला एक बिस्कीट. शेवटी चिमी बाणासारखी सुटायला लागली.

दुसऱ्या दिवशी बँड वाजला. नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून साहेब बाहेर आले. तो वाळून काटकी झालेला, अंगात दुसऱ्याच्या मापाचा कोट. अधिकाऱ्याने खूण केली आणि चिमी सुटली. दोघांच्या मधून गेली ती थेट गाडीशी उभ्या ड्रायव्हरच्या पायांना बिलगली. "बाबा!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. नवरा नुसता बघत राहिला.

"पुन्हा घ्या!" अधिकारी ओरडला. नवऱ्याला आत नेलं, परत बाहेर आणलं. "ढकला तिला, ताई."

तिने ढकललं. साहेबांनी रडणाऱ्या चिमीला उचललं, कॅमेरे लखलखले. "आनंदाश्रू," एक बातमीदार फोनवर सांगत होता.

घरी सोडायला तोच ड्रायव्हर. चिमी पुढे, त्याच्या शेजारी.

"गेल्या वर्षीच सोडत होते मला," नवरा हळूच म्हणाला. "जेलरनं घालून जायला माझे जुने कपडेसुद्धा बाहेर काढून ठेवले होते. आपल्याच लोकांनी कळवलं, एवढ्यात नको."

ड्रायव्हरने अवघडून रेडिओ मोठा केला. रेडिओवर साहेबच बोलत होते.

गाडी गेली तसं चिमीने घर डोक्यावर घेतलं. "माझे बाबा गेले!"

नवरा हसला, वाकडं. "बाहेर जाऊन पुन्हा येऊ का गं? सवय झालीये आता." आणि खरंच गेला. दार ओढून घेतलं.

बाहेर खोकला आला. दोनदा कोरडा, मग एक लांब.

चिमीचं रडणं थांबलं. "आई," ती कुजबुजली, "भिंतीतले बाबा!"

या वेळी तिने चिमीला ढकललं नाही. चिमी आपणहून दाराशी गेली, तळहाताने थाप मारली.

पलीकडून थाप यायला फार वेळ लागला.