कपाळाचा रंग

"हनुवटीला जरा सढळ हाताने लाव रे, मेकअपमन! मागच्या वेळी काही दिसलंच नाही," वरच्या काचेच्या खोलीतून साहेब ओरडले.

त्याने ब्रश बुडवला. कपाळाला हिरवा, नाकाला पिवळा, हनुवटीला लाल, गुडघ्यांना निळा. गाडी भिंतीवर आदळली की माणसाचं काय कुठे आपटलं, ते या ओल्या रंगाच्या डागांवरून कळतं. बावीस वर्षं तो गाड्या आपटून बघण्याच्या या केंद्रात पुतळ्यांची तोंडं रंगवत होता. पुतळ्याला तो जावईबापू म्हणे. एवढा मानपान करून शेवटी भिंतीवर नेऊन आपटायचा, असा जावई दुसरा नाही, असं म्हणून स्वतःच हसायचा.

आज मात्र हसू फुटत नव्हतं. आजची गाडी होती पंधरा वर्षांपूर्वीची छोटी हॅचबॅक, नव्या मॉडेलशी तुलना करायला जुन्या बाजारातून आणलेली. अशीच राखाडी गाडी त्याच्या बायकोकडे होती. बायको नर्स. अंथरुणाला खिळलेल्या अकरा जणांकडे घरोघर जाऊन जखमा धुवायची, इंजेक्शनं द्यायची. चाळिशी उलटल्यावर हट्टाने गाडी शिकली आणि स्वतःच्या कमाईतून ही जुनी गाडी घेतली. गाडीत बसली की तिचा रुबाब काही वेगळाच असायचा.

त्याने जावईबापूंच्या नाकापासून स्टिअरिंगपर्यंत टेप धरली. "बेचाळीस!" असं सांगून तो सुरक्षेच्या रेघेमागे जाऊन उभा राहिला.

ताशी चौसष्ट किलोमीटरने गाडी आली आणि भिंतीवर फुटली. बावीस वर्षं ऐकूनही त्या आवाजाने दाढा शिवशिवत. बॉनेट चुरगळलं, काचेशेजारचा खांब कोपरातून मोडावा तसा मोडला, छप्पर दुमडलं, इंजिनाचं धूड पायांपाशी घुसलं. स्टिअरिंग उचकटून मागे आलं आणि जावईबापूंचं डोकं त्याला जाऊन भिडलं. काचेचे खडे घरंगळत त्याच्या बुटांपर्यंत आले.

दार कापूनच पुतळा काढावा लागला. छातीच्या लोखंडी फासळ्या आत गेल्या होत्या, दोन्ही नडग्या वाकल्या होत्या. स्टिअरिंगच्या बरोबर मधोमध हिरवा डाग होता, तळहाताएवढा.

"हे होणारच होतं," साहेब खाली येऊन म्हणाले. "ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला. अहवालात एक ओळ टाकू."

"बनायचं बंद झालं, साहेब. रस्त्यावर चालू आहे."

पुतळ्याची मान सावरताना त्याचे हात हिरवे झाले होते. मनात आकडा घोळत होता, बेचाळीस. बायको बुटकी. क्लचपर्यंत तिचा पाय पोचेना आणि सीट तर सारखी मागे सरके. मग त्यानेच एका रविवारी सीट पार पुढे ढकलून खालची पट्टी वेल्डिंगने पक्की करून टाकली होती. वर पाठीला उशी. किती खूश झाली होती ती! जावयाला बेचाळीस सेंटिमीटर आणि बायकोला जेमतेम एक वीत. सगळं आयुष्य टेप लावण्यात गेलं, आणि तिथे लावायची त्याला बुद्धी झाली नाही.

त्याने तिला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. चालवताना फोन उचलायचा नाही, हे त्यानेच तिला शिकवलेलं. हातही न धुता त्याने मोटारसायकल काढली.

मंगळवारी दुपारी ती निवृत्त मास्तरांकडे असते, हे त्याला ठाऊक होतं. गल्लीच्या तोंडाशी राखाडी गाडी दिसली. ती नुकतीच येऊन उतरत होती. त्याने धावत जाऊन तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"अहो, काय हे? लोक बघतायत! घरी काही झालंय का?"

तिच्या कपाळावर त्याच्या अंगठ्याचा हिरवा डाग उमटला होता. बरोबर तिथेच.

"आज तुझी गाडी फोडली आम्ही," तो म्हणाला. "म्हणजे तशीच. काही उरलं नाही गं आतल्या पुतळ्याचं. तू तर त्याच्याही पुढे बसतेस. मीच बसवलंय तुला तिथे."

"आठ वर्षांत साधा ओरखडा नाही मला. सावकाश चालवते मी."

"समोरचा चालवतो का सावकाश?"

"मग अकरा जणांकडे उडत जाऊ? सरका. चारला मास्तरांचं ड्रेसिंग, तिथून पुढे पुलापलीकडे जायचंय."

पुलापलीकडे म्हणजे मोठ्या रस्त्याने. त्याने डिकी उघडून चाकाचा पाना काढला आणि समोरच्या काचेवर घातला. मग दिव्यांवर, मग बॉनेटवर. बायको किंचाळली, वरच्या खिडक्या उघडल्या, कुणीतरी "पोलिसांना बोलवा" म्हणालं. तो थांबला नाही. स्टिअरिंग वाकेपर्यंत त्याने मारलं. शेवटी खाली वाकून सीटच्या पट्टीवर घाव घातले, एकामागून एक. बोटं सोलवटली, रक्त आलं. पण वेल्डिंग त्याच्याच हातचं, ते काही सुटेना. तिथेच फुटपाथवर बसून तो ढसाढसा रडला.

काचांतून वाट काढत तिने मागच्या सीटवरची औषधांची बॅग घेतली, मग उशी काढून झटकली.

"माझी गाडी होती ती," एवढंच म्हणाली.

"माहीत आहे."

त्याने बॅगेला हात घातला. तिने ती दिली नाही, उशी त्याच्याकडे दिली. दोघं दोन जिने चढले. मास्तरांच्या दाराशी त्याने रुमाल काढून तिचं कपाळ पुसायला घेतलं. तेलाचा रंग तो, निघायच्या ऐवजी पसरत गेला. ती डोळे मिटून उभी राहिली.

"राहू द्या," शेवटी ती म्हणाली. "चार वाजले. पुलापलीकडे चालत जायचंय आता."

आणि तिने बेल दाबली.