बुओइचा उजवा हात

बुओइ अस्वलीण हात देत नव्हती. सोडवून आणलेल्या अस्वलांच्या त्या आश्रमातली बाकी सतरा देत होती.

त्यात अवघड काही नव्हतं. पिंजऱ्याच्या गजांना बाहेरून पत्र्याची एक पन्हाळी जोडली होती. अस्वलाने तीत हात घालायचा, टोकाचा दांडा धरायचा आणि डॉक्टर रक्तदाब मोजेपर्यंत चाळीस सेकंद गप्प उभं राहायचं. मग शिट्टी, मग चमचाभर गोड घट्ट दूध. हात बांधायचा नाही असा नियमच होता. नको वाटलं तर अस्वलाने खुशाल काढून घ्यावा. एवढी मुभा सासरी मला कधी मिळाली नाही, असं थोआ कामाला लागली त्याच दिवशी म्हणाली होती.

थोआ अस्वलांची पेज शिजवायची. बुओइ मूळची तिच्याच घरची. नवरा क्वी याने परसातल्या पिंजऱ्यात तिला बारा वर्षं ठेवली होती, औषधासाठी विकायचं पित्त काढायला. पिल्लू म्हणून आणली तेव्हा पपनसाएवढी होती, म्हणून नाव बुओइ, म्हणजे पपनस. क्वी मेला, आश्रमाची माणसं येऊन अस्वलीण घेऊन गेली, आणि इथे आल्यावर तिने पाच दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. शेवटी थोआला बोलावलं. तिने रताळं घालून पेज केली, समोर ठेवली आणि बुओइने पातेलं चाटूनपुसून साफ केलं. मायलेकीच जणू, म्हणून सगळ्यांचे डोळे पाणावले. थोआला तिथेच नोकरी लागली. नवऱ्याच्या धंद्याबद्दल कोणी विचारलं तर ती म्हणायची, "मी आपली चुलीपाशी. मला त्यातलं काय कळतंय?"

खाताना बुओइ उजवा हात पोटाखाली दाबून बसायची. काय गोड बसते, म्हणून लोक फोटो काढायचे. थोआने तो फोटो कधी घरी नेला नाही.

त्या महिन्यात डॉक्टर फोंगनी बुओइचं हृदय ऐकलं आणि कान खाजवला. कान खाजवला की बातमी वाईट, हे आश्रमात सगळ्यांना पाठ होतं.

"रक्तदाब कळल्याशिवाय गोळी देता येत नाही," ते म्हणाले. "पौर्णिमेपर्यंत वाट बघू. नाहीतर भूल देऊन मोजावा लागेल. पण या हृदयाला भूल दिली तर ती उठेलच असं मी सांगणार नाही."

पौर्णिमेला चौदा दिवस होते. अस्वलांना शिकवणारी दिएप हुशार मुलगी. शिंकली तरी वहीत वेळ लिहून ठेवणारी. तिने सरळ हिशोब मांडला: बुओइ जिच्या हातचं खाते, तिनेच हात मागावा.

"मावशी, तुम्ही फक्त दूध दाखवा आणि हाक मारा. तुमच्यासाठी ती जीव टाकेल."

"टाकेल हो," थोआ म्हणाली.

पाच दिवस थोआ पन्हाळीपाशी दूध घेऊन उभी राहिली. बुओइ यायची, बसायची, थोआकडे बघायची आणि उजवा हात आणखी आत दाबायची. बुओइला समजावं म्हणून दिएपने थोआचाच हात पन्हाळीत घातला आणि मोजून दाखवला. थोआचा रक्तदाब एकशे ऐंशी निघाला. डॉक्टरांनी कान खाजवला.

"मावशी, मीठ कमी करा."

"माझं राहू द्या. मी काय पित्त देणार आहे का कुणाला?" थोआ फणकारली.

सहाव्या दिवशी दिएपने वहीत लिहिलं, "मंदबुद्धी असावी." थोआला वाचता येत होतं, हे दिएपच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"खोड ते," थोआ म्हणाली.

"काय?"

"मंदबुद्धी नाही ती. हे सगळं तिला आधीच शिकवलंय. मीच शिकवलंय." थोआने पळी खाली ठेवली. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. "पेजेत गोड दूध घालायचे आणि गजापाशी हाक मारायचे. ये गं बाई, म्हणायचे. तिने हात बाहेर काढला की नवरा बाजूने दोरीचा फास टाकायचा. मग भुलीची सुई, मग ती आडवी, मग पित्तासाठी पोटात ती लांब सुई. बारा वर्षं. दोरी त्याची होती, हाक माझी होती. त्याच्या हाकेला ती एकदाही आली नाही."

दिएपने वहीतली ओळ खोडली, मग पुन्हा खोडली.

"मग पेज का खाते तुमच्या हातची?"

"खाईल नाहीतर काय करेल? दुसऱ्या कोणाच्या हातचं तिने कधी बघितलंच नव्हतं." थोआला रडू आलं, आणि ते आलं म्हणून स्वतःचाच राग आला. "मी तिथे नको. ते दूधही नको. मी कधी दिलं नाही असं काहीतरी दे तिला."

दिएपच्या खिशात चहाबरोबर खायची शेंगदाण्याची चिक्की होती. तिने ती कुटली.

त्यानंतर थोआ स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे गेली नाही. पेज दुसरंच कोणीतरी नेऊ लागलं. दोन दिवस बुओइ पन्हाळीचा नुसता वास घेत राहिली. तिसऱ्या दिवशी नखं आत आली. पाचव्या दिवशी कोपरापर्यंत हात, आणि लगेच बाहेर. कोणी धरला नाही. तिने परत घातला, परत काढला. असं तिने अकरा वेळा केलं, असं वहीत आहे.

पौर्णिमेला सकाळी थोआने घरी नवऱ्याच्या फोटोपुढे उदबत्ती लावली. दर पौर्णिमेला त्याला दारूचा पेला आणि एक फळ मिळे. आज पेला मिळाला नाही. "तू बस असाच," ती फोटोला म्हणाली. परसातल्या झाडाचं एकच पिकलेलं पपनस तिने पिशवीत घातलं.

आश्रमात स्वयंपाकघराच्या भिंतीमागे उभी राहून ती मोजत होती. घरी तीन म्हणेपर्यंत फास बसायचा. तीन झाले. दहा झाले. एकवीसला डॉक्टर खोकले. चाळीसला शिट्टी वाजली.

"मावशी!" दिएप धावत आली. "दिला! आकडा मिळाला, गोळी आजच सुरू! चला, बघा तरी!"

"नको. मी आले तर हात काढून घेईल." थोआने पिशवीतून पपनस काढलं. "हे दे तिला. आधी नळाखाली धू. माझ्या हाताचा वास गेला पाहिजे."

दिएपने दोनदा धुतलं आणि सोलून नेलं. थोआ पातेली घासत बसली. चौथं पातेलं घासताना दिएप परत आली आणि दारातच उभी राहिली.

"खाल्लं?"

"खाल्लं."

"कसं खाल्लं?"

"दोन्ही हातांनी," दिएप म्हणाली.