व्हय म्हाराजा, नव्या ठेक्यात

मला हातात धरता येत नाही की कपाटात ठेवता येत नाही. मी मोबाइलमध्ये राहतो. सहा गाण्यांचा हिपहॉप रिमिक्स अल्बम आहे मी. आजवर दुसऱ्यांच्या तोंडचं वाजवलं, आज माझं सांगतो.

माझ्याआधी एक अल्बम होता. विक्रोळीच्या चाळीतल्या लहूने तो घरीच, बाहेरचा गोंगाट येऊ नये म्हणून डोक्यावर गोधडी घेऊन रेकॉर्ड केला. त्यात त्याच्या वडिलांचा, राजारामांचा आवाज होता. कारखान्यात तीस वर्षं काढलेला हा मालवणी माणूस दर गणपतीत चाळीच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा. एकेका बिऱ्हाडाचं नाव घेऊन त्याची अडचण देवापुढे मांडायचा आणि सगळे म्हणायचे, ‘व्हय म्हाराजा!’ लहूने ते मोबाइलवर टिपून ठेवलं होतं. पुढच्या गणपतीला राजाराम नव्हते.

तो अल्बम फार कुणी ऐकला नाही. पार्ल्याची अक्षता संगीतावर लिहिते. तिने मात्र लिहिलं, ‘यात अख्खी चाळ श्वास घेते.’ ते वाचून अंधेरीच्या एका कंपनीने लहूला बोलावलं.

"माल भारी आहे रे," तिथला मितेश म्हणाला. "पण लांबड खूप. लोकांना नाचायचं असतं. रिमिक्स करू. जुना मात्र नेटवरून काढून टाकावा लागेल."

लहूने सही केली. आपलं नाव व्हावं असं कुणाला वाटत नाही?

असा माझा जन्म झाला. मितेशने बिऱ्हाडांची नावं कापली. राजारामांचा खोकला पुसला. ‘व्हय म्हाराजा’ तेवढं ठेवलं, लागोपाठ आठ वेळा, खाली दणदणीत ठेका. खरं सांगतो, तेव्हा मला माझा अभिमान वाटला होता.

मी चाललो. चाललो कसला, धावलो! घाटकोपरच्या रिक्षांत, बोरिवलीच्या जिममध्ये, मुलुंडच्या हळदींत. महिन्याभरात पन्नास लाख वेळा वाजलो. पेपरात ‘उपनगरांचा नवा आवाज’ म्हणून छापून आलं. अक्षताने दोनच ओळी लिहिल्या: ‘गाऱ्हाण्यातली माणसं गेली, ठेका राहिला. मी पहिला अल्बम शोधतेय, सापडत नाही.’ खाली लोकांनी तिला शिव्या घातल्या. मलाही वाटलं, जळते बया.

मग लहूने मला आईला ऐकवलं. अंजनाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"ह्यांचो खोकलो खंय गेलो रे?"

"आई, तो नॉइज असतो. काढतात तो."

"आणि लोकांची नावां? ती पण नॉइज?"

लहूने मितेशला फोन लावला. "जुना परत टाकूया ना, यार."

"सही झालीय भावा. मूळ रेकॉर्डिंगपण कंपनीकडेच. आता कंपनी ऐकणार नाय."

त्या वर्षी गणपतीत चाळीत आरती झाली आणि गाऱ्हाणं कोण घालणार, असा प्रश्न आला. शेजारच्या सौरभने लहूचा फोन स्पीकरला जोडला. "राजारामकाकांचाच आवाज आहे ना? झकास!"

मी वाजू लागलो. म्हातारी माणसं हात जोडून वाट बघत होती. मी कुणाचंच नाव घेतलं नाही. ‘व्हय म्हाराजा’सुद्धा मीच म्हणत होतो, त्यांना म्हणायला जागाच ठेवली नव्हती मी. एकदोघांनी जोडलेले हात सोडले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"बंद कर ता," अंजनाबाई म्हणाल्या. लहूनेच बंद केलं.

बाईने गाऱ्हाणं घालायची तिथे रीत नव्हती. तरी त्या पुढे झाल्या. लहूच्या मुठीतून मी ऐकत होतो. "बा गणराया म्हाराजा..." पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत एकही नाव सुटलं नाही. लहूसाठी काय मागितलं, ते मात्र लोकांच्या ‘व्हय म्हाराजा’च्या ओरडण्यात मला ऐकू आलं नाही.

याला दोन वर्षं झाली. नवी गाणी आली, मी मागे पडलो. लहू नाहूरला एका दुकानात कामाला आहे. त्याने पुन्हा काही रेकॉर्ड केलं नाही. मला अजून कुणी कुणी लावतं आणि मी वाजतो. नाही म्हणायची सोय मला नाही.

तुमच्या एखाद्या जुन्या फोनमध्ये लहूचा पहिला अल्बम चुकून राहिला असेल, तर तो जपा. जागा कमी पडली, तर मला पुसा.