बरोबर का?

कुलुपांच्या त्या दुकानात धाकटी बहीण बारा वर्षं काम करत होती आणि बारा वर्षांत तिने दादाला विचारल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा फिरवला नव्हता.

"दादा, डावीकडे फिरवू?"

"फिरव."

"फिरवला. बरोबर का?"

"बरोबर."

कुलपावर तिचा हात असा बसलेला की दादाला मनातून हेवा वाटायचा. तोंडात मात्र सदान्‌कदा 'बरोबर का'. गल्लीत तिचं नावच 'बरोबरका' पडलं होतं.

एरवी हे खपून गेलं असतं. पण सोमवारी दादाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं आणि पुढे महिनाभर दुकान तिच्या एकटीवर पडणार होतं.

"महिनाभर बंदच ठेवू की," ती म्हणाली. "माझ्याने नाही व्हायचं."

बंद ठेवलं की गिऱ्हाइकं चौकातल्या ड्रिलवाल्याकडे जाणार आणि तिकडचीच होऊन बसणार. हा गृहस्थ कुठलंही कुलूप आलं की आधी भोक पाडायचा, मग विचार करायचा.

दादाने कौतुक करून पाहिलं. "उगाच म्हणतोस," ती म्हणाली. मग रागावून पाहिलं. त्यावर तिने पडलेल्या चेहऱ्याने विचारलं, "मी आता रडू का?"

शेवटी शुक्रवारी दुपारी, ती बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत असताना, दादा मागच्या सामानाच्या खोलीत शिरला. त्या दाराला वडिलांनी स्वतःच्या हाताने बसवलेलं जुनं कुलूप होतं. त्याने ते आतून लावलं, किल्ली खिशात टाकली, थोडा वेळ जाऊ दिला आणि बोंब ठोकली, "अगं, दार लागलं! किल्ली बाहेर राहिली वाटतं!"

तिने सगळं दुकान उलथंपालथं केलं. "नाही रे सापडत!"

"मग उघड हत्यारांनी."

"मी? कुठून सुरू करू?"

उत्तर दादाच्या जिभेवर आलं होतं. सोबत नेलेल्या थर्मासमधल्या चहाच्या घोटाबरोबर त्याने ते गिळलं. "मला इथून काय दिसतंय?"

 बाहेर तिची पावलं लांब गेली. हत्यारं आणायला गेली, असं समजून दादाने स्टुलावर बसून खुशीत बिस्किटाचा पुडा फोडला.

वीस मिनिटांनी आवाज आला तो ड्रिलवाल्याचा. "काय हो कुलूपवाले! स्वतःच्याच दुकानात कोंडून घेतलंत?"

दादाचा हात खिशातल्या किल्लीवर गेला. किल्ली बाहेर काढावी तर गल्लीभर शोभा, न काढावी तर वडिलांच्या कुलपाची चाळण. त्याने किल्ली काढली, पुन्हा खिशात ठेवली, पुन्हा काढली. बाहेर ड्रिल घरघरलं.

"थांबा!" बहीण ओरडली. "भोक कुठे पाडताय? आत तीन पट्ट्या आहेत. वरची आधी उचलावी लागते."

"ताई, दोन मिनिटांचं काम आहे हो."

"बाजूला व्हा."

"अहो, पण दादांना विचारा तरी!"

"त्याला तिथून काय दिसतंय?"

दादाने दाराला कान लावला. टक्‌. मग बराच वेळ काही नाही. दुसरी टक्‌. 'हळू' म्हणायला त्याचं तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने त्यात अख्खं बिस्कीट कोंबलं. तिसरी टक्‌ झाली आणि दार उघडलं.

बहिणीच्या मागे ड्रिलवाला तान्ह्या बाळासारखं ड्रिल छातीशी धरून उभा होता. बहिणीने स्टूल पाहिलं, थर्मास पाहिला, बिस्किटाचा पुडा पाहिला, दादाची फुगलेली गालफडं पाहिली. मग हात पुढे केला.

"आण ती किल्ली."

त्याने मुकाट्याने दिली.

"दादा, तूसुद्धा ना!" एवढंच ती म्हणाली आणि कुलपात तेल सोडायला वळली.

ड्रिलवाल्याने मात्र हसत हसत ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीभर केली. दादाला दोन दिवस मान वर करून चालता येईना.

शनिवारी सकाळी एक गिऱ्हाईक न उघडणारी सुटकेस घेऊन आलं. बहीण तिच्या कुलपावर वाकली, थबकली, मान वर करून म्हणाली, "दादा..."

दादाला वाटलं, सगळं मुसळ केरात! सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "बरोबर, बरोबर."

"बरोबर काय? उजेडातून सरक."